मागच्या दोन चाकांचा प्रश्न

मानवजातीने आजवर खरे शोध दोनच लावले: एक चाक, आणि दुसरी ते चाक थांबवायची सोय. वीज, लोकशाही, गोठवलेला पिझ्झा हे सगळं नंतरचं आणि किरकोळ. पहिल्या शोधापासून दुसऱ्यापर्यंत यायला माणसाला किती शतकं लागली ते मला माहीत नाही. माझ्या शेजारच्या व्हर्लिन स्ट्रोबलला मात्र चारपैकी दोन चाकांसाठी मार्च ते ऑक्टोबर लागले, आणि त्यातला बराच काळ तो गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून शेंगदाणे खात होता.

व्हर्लिनची गाडी सत्तर सालची. दोन दारं, पुढे खाटेएवढं बॉनेट, आणि त्याखाली असं इंजिन, की ते सुरू झालं की माझ्या कपाटातल्या बश्या एकमेकींशी बोलायला लागतात. कंपनीचं नाव सांगत नाही. आमच्या ऑटर बेंड गावात कंपनीवरून लग्नं मोडली आहेत. फाउंड्रीत लागला त्या वर्षी, एकविसाव्या वर्षी, त्याने ती कोरी करकरीत घेतली. पुढची एकतीस वर्षं त्याच फाउंड्रीत ब्रेकचे ड्रम ओतले. मग फाउंड्री बंद पडली, गावातली निम्मी दुकानं बंद पडली, मिशिगनचा आमचा सगळा पट्टाच हळूहळू बंद पडत गेला. गाडी तेवढी चालू राहिली.

लवॉन, म्हणजे त्याची बायको, त्या गाडीत चौतीस वर्षं बसलेली नव्हती. एक्क्याण्णव सालच्या मे महिन्यात दोघं भर पावसात चर्चहून परत येत होते. पुलाच्या उतारावर व्हर्लिनने ब्रेक दाबला. पाणी शिरलेले ड्रम जरा विचारात पडले. त्यांचा विचार होईपर्यंत गाडी एका अंत्ययात्रेच्या रांगेत घुसली आणि शववाहिकेच्या मागच्या काचेपासून वीतभर अंतरावर थांबली. आतल्या गृहस्थांनी काही तक्रार केली नाही. लवॉन मात्र तिथेच उतरली आणि उंच टाचांच्या बुटांत दोन मैल चालत घरी आली.

पुढच्याच वर्षी व्हर्लिनने पुढच्या चाकांचे ड्रम काढून तिथे पाण्याला न घाबरणारे डिस्क ब्रेक बसवले. लवॉन बसली नाही. त्याने सीटची गादी बदलली, रेडिओ दुरुस्त केला, मागच्या काचेत तिच्या आवडीचा निळा पडदा लावला. लवॉन बसली नाही. मग त्याने विचारायचंच सोडलं. दर शुक्रवारी तो एकटाच गाडी घेऊन बर्गरच्या टपरीमागच्या मैदानात जायचा आणि शेजारची रिकामी सीट फडक्याने पुसायचा.

तर यंदाच्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी, तव्यावरची अंडी उलटता उलटता, लवॉन आपणहून म्हणाली, “व्हर्लिन, मागेही डिस्क ब्रेक बसव. मग मी बसते.”

व्हर्लिनचा टोस्ट हातातच राहिला. “कशात बसतेस?”

“तुझ्या त्या भुतात. सरोवरापर्यंत जाऊ. दीपगृहापाशी तळलेला पर्च मासा खाऊ आणि परत येऊ. पहिल्यांदा नेलं होतंस तसं.”

“आजच जाऊ की! पुढचे ब्रेक काय लोण्यासारखे—”

“मागचे बसव, मग. आणि तोवर गाडी गॅरेजबाहेर काढायची नाही. इंचभरसुद्धा. काढलीस तर मी बसायची नाही.”

हे सांगायला तो घरातल्या सपाता घालून ओल्या हिरवळीतून धावत माझ्याकडे आला. धावत म्हणजे आमच्या वयात जितकं जमतं तितकं. मला आनंद झाला असता, पण चारच दिवसांपूर्वी, मंगळवारी, मीच त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. लवॉनला त्याने सांगितलं होतं की आम्ही भंगारवाल्याकडे आरसा बघायला चाललोय.

डॉक्टर तरुण आणि सभ्य होती. म्हणाली, “पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील. मधलं जाईल.”

“म्हणजे मला गटारं दिसतील आणि रस्ता दिसणार नाही,” व्हर्लिन म्हणाला.

“साधारण तसंच.”

“लायसन्स?”

“ऑक्टोबरमध्ये नवं करायला जाल तेव्हा तिथली डोळ्यांची चाचणी तुम्ही पास होणार नाही. तोवरही शक्यतो चालवू नका.”

मिशिगनमध्ये लायसन्स वाढदिवसालाच संपतं. सरकारची भेट म्हणून. व्हर्लिनचा वाढदिवस चौदा ऑक्टोबर.

“बघ एमेट,” ओल्या सपातांनी माझ्या गालिच्यावर उभा राहून तो म्हणाला, “मंगळवारी डोळे गेले आणि शनिवारी बायको आली. चौदा ऑक्टोबरच्या आत एक फेरी. चाळीस मैल जायचं, चाळीस मैल यायचं. रस्ता मला पाठ आहे. त्यानंतर गाडी विकून टाकीन. पण तिला यातलं अक्षर कळता कामा नये. शपथ घे.”

मी शपथ घेतली. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आता आमच्याकडे जुन्या गाडीला काहीही बसवायचं तर आधी ते शुक्रवारी मैदानात मांडावं लागतं. तिथे तीसेक गाड्या बॉनेट उघडून उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या मागे घडीची खुर्ची टाकून तिचा म्हातारा बसलेला असतो. गाडी चालवायला कोणी येत नाही; सगळे बसायला येतात. न विचारता परस्पर काही बसवलं, तर पुढच्या शुक्रवारी तुमच्या खुर्चीशेजारी कोणी खुर्ची टाकत नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो मोडताही येत नाही.

गाडी काढायला बंदी, म्हणून मी व्हर्लिनला माझ्या गाडीतून नेलं. तो गाडीशिवायच खुर्ची टाकून बसला. लग्नात नवरदेवाशिवाय आलेल्या वऱ्हाडासारखं दिसत होतं ते.

“मागे डिस्क?” गॅरिट हूकस्ट्राने सोड्याचा डबा खाली ठेवला. हूकस्ट्रा दुसऱ्या कंपनीचा माणूस, व्हर्लिनचा जन्माचा वैरी आणि त्यामुळे सगळ्यांत जवळचा मित्र. “मागे डिस्क कशाला रे? गाडी थांबवतात ती पुढची चाकं. मागची नुसती हजेरी लावतात. सत्तर टक्के पुढे, तीस टक्के मागे.”

“तेच मी लवॉनला सांगितलं. ती म्हणाली, ते उरलेले तीस टक्के म्हणजेच ती शववाहिका.”

“मग तिला सांग की बसवले. चाकाच्या आत डोकं घालून कोण बघतंय?”

“लवॉन बघेल.”

लवॉनला सगळे ओळखत होते.

“पण लेका, ते मागचे ड्रम तू स्वतः ओतलेस ना?” हूकस्ट्राने कळ लावली. “स्वतःची पोरं घराबाहेर काढणार?”

“त्यांनी मला शववाहिकेत घातलं होतं, गॅरिट. अशा पोरांना बाहेरच काढतात.”

पर्याय तीन होते. पहिला स्वस्त, पण त्याला हँडब्रेक नव्हता. दुसऱ्यात भंगारातून एखाद्या नव्या कौटुंबिक मोटारीचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारे पंजे, काढून आणायचे आणि आपल्या गाडीला जुळवून घ्यायचे. तिसरा महाग; हँडब्रेकसकट सगळं जुळलेलं, मागणी दिल्यावर बनवणार, सहा आठवडे थांबायचं. तिसरा घ्यायचा हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं, आणि पहिल्याच शुक्रवारी निर्णय झाला असता. पण पहिल्याच शुक्रवारी निर्णय घेणं म्हणजे उरलेल्या एकोणतीस खुर्च्यांचा अपमान. त्यामुळे एप्रिल गेला, मे गेला.

“हँडब्रेक हवाय कशाला?” एकजण म्हणायचा. “गावात उतार एक, तोही नदीत जातो.”

“किराणा आणायच्या गाडीचे पंजे लावणार? कुणी विचारलं तर काय सांगशील, बटाट्यांबरोबर आले म्हणून?” दुसरा म्हणायचा.

“सहा आठवडे? सहा आठवड्यांत मी दोन गुडघे बदलून घेतले,” तिसरा म्हणायचा, आणि मग सगळे गुडघ्यांवर बोलायचे.

घाई आहे हे व्हर्लिनला सांगता येत नव्हतं, कारण लगेच कोणीतरी विचारलं असतं, घाई कसली. तो हसत बसायचा आणि घरी येताना माझ्या गाडीत कॅलेंडरची पानं मोजायचा.

जून-जुलै आम्ही गॅरेजमध्ये काढले. तो कॅटलॉग माझ्यापुढे सरकवायचा. “माझा चष्मा आत राहिलाय. तूच वाच.”

चष्मा त्याच्या नाकावर असायचा. मी वाचायचो.

लवॉन मधूनच दारात येऊन उभी राहायची. तिलाही त्या उन्हाळ्यात एक नवी हौस जडली होती: गाडी चालवायची. ही त्यांची रोजची साधी, क्लच नसलेली गाडी. बाजार, चर्च, दंतवैद्य, सगळीकडे तीच चालवायची. “माझा हात बसून राहायला नको,” म्हणायची. नवा खुबा बसवल्यापासून डाव्या पायाने क्लच दाबणं तिला जमत नव्हतं. नाहीतर व्हर्लिनचं भूतही तिने चालवलं असतं.

“काय, ठरलं का?” ती विचारायची.

“ठरत आलंय.”

“सावकाश ठरव,” ती म्हणायची. “ब्रेकचं काम घाईने करू नये.”

“किती समजूतदार झालीये बघ,” ती गेल्यावर व्हर्लिन म्हणायचा. “चौतीस वर्षांत कधी सावकाश म्हणाली नाही.”

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात व्हर्लिनने आमच्या गावात कोणी केलं नव्हतं ते केलं. मैदानाला न विचारता तिसरा पर्याय मागवायचं ठरवलं.

मागणी देण्याआधी एक तपासणी असते. विकणारे एक कागद पाठवतात. त्यावर पंजाचा आकार छापलेला असतो. तो पुठ्ठ्यावर चिकटवायचा, रेघेवर कापायचा, आणि चाकाच्या रिमच्या आत फिरवून बघायचा. पुठ्ठा कुठे घासला नाही, तर ब्रेकही घासणार नाही. व्हर्लिनच्या रिम चौदा इंची, गाडीबरोबर आलेल्या, आत त्या वर्षाचा शिक्का. त्या बदलायचा विचार त्याच्या मनात कधी शिरला नव्हता.

“दे, मी कापतो,” मी म्हणालो.

“तू?” तो म्हणाला. “तू जन्मभर पेपरात विनोद लिहिलेस. मी एकतीस वर्षं इंचाच्या हजाराव्या भागात काम केलंय. हो बाजूला.”

मी बाजूला झालो आणि कॉफी आणायला घरी गेलो. परत आलो तेव्हा पुठ्ठा रिममध्ये गरागरा फिरत होता, जणू तिथेच जन्मला होता. व्हर्लिनचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याने त्याच संध्याकाळी फोन करून मागणी दिली.

सहा आठवड्यांचे आठ झाले. खोकी आली ती दोन ऑक्टोबरला. व्हर्लिनने गाडीचा मागचा भाग लोखंडी घोड्यांवर चढवला, चाकं उतरवली, आणि स्वतः ओतलेले ते दोन ड्रम बाहेर काढले. लवॉनने ते उचलून नेले आणि माती भरून त्यांत शेवंती लावली. एक पायरीच्या डावीकडे, एक उजवीकडे. “परत बसवशील म्हणून,” ती म्हणाली, पण त्या आठवड्यात तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी त्या गाडीत बसायचं म्हणून घाबरली असेल.

शनिवारी, अकरा तारखेला, दुपारी डिस्क बसल्या, पंजे बसले, नळ्या जोडल्या, त्यांतली हवा काढून झाली. हे सगळं व्हर्लिनने बोटांनी केलं. नट बघत नव्हता, चाचपत होता, आणि एकही चुकला नाही. हूकस्ट्रा आपली खुर्ची घेऊन आला होता, पायाशी सोड्याचे डबे.

“आता चाक,” व्हर्लिन म्हणाला.

आम्ही दोघांनी चाक उचलून लावलं. ते अर्ध्यात अडकलं. फिरवून लावलं. अडकलं. व्हर्लिनने आत बोटं घातली. पंजाचं लोखंड रिमला टेकलं होतं, जवळजवळ अर्धा इंच जास्त.

हूकस्ट्राने चाकाच्या आत डोकं घालून बघितलं.

“पंधरा इंची रिम हव्यात,” तो म्हणाला. “माझ्याकडे आहेत. आत्ता आणतो.”

“तुझ्या कंपनीच्या,” व्हर्लिन म्हणाला. “बोल्टचं वर्तुळ पाव इंच लहान. बसणार नाहीत.”

“मग मागव.”

“बुधवारच्या आधी येणार नाहीत.”

“मग बुधवारी. कुठे आग लागलीये?”

हूकस्ट्रा डबे उचलून गेल्यावर मी म्हणालो, “मैदानातल्या तुझ्या कंपनीच्या कोणाच्याही गाडीच्या पंधरा इंची रिम चालतील. मी फोन करतो. संध्याकाळपर्यंत चार जण आणून देतील.”

“आणि काय सांगशील? घाई कशाची?”

“काहीतरी सांगेन.”

“आज सांगशील, उद्या सगळ्या खुर्च्यांना कळेल, परवा चर्चमध्ये तिला कळेल.” तो खुर्चीत बसला आणि चाकाकडे बघत राहिला; म्हणजे चाकाच्या जरा डावीकडे, कारण आता त्याला तसंच बघावं लागायचं. “मोजताना चुकलो नव्हतो, एमेट. पुठ्ठा फिरत होता. तू पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

मी स्वयंपाकघरात गेलो. लवॉनने माझ्यापुढे सायडरचे डोनट ठेवले आणि विचारलं, “बसलं चाक?”

“नाही.”

ती खुर्चीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतेय. हात काढले तेव्हा दिसलं, तिने कितीतरी दिवसांनी श्वास सोडला होता.

“देवा रे,” ती म्हणाली. “आठवडाभर मला झोप नाही. म्हटलं, बसवतोय की काय हा खरंच.”

“लवॉन?”

“डॉक्टरकडच्या बाईने दुसऱ्याच दिवशी फोन केला होता, गोळ्यांचं सांगायला. मार्चमध्ये. आरसा बघायला गेला होतात ना तुम्ही?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी डोनट खाली ठेवला. “चालवू नको म्हटलं असतं तर याने त्याच दिवशी चालवली असती. किल्ल्या लपवल्या असत्या तर किल्लीशिवाय सुरू केली असती. म्हणून म्हटलं, याला ब्रेक निवडायला लावू. या मैदानातल्या लोकांनी साधा आरसा निवडायला दोन वर्षं घेतलेली मी पाहिलीयेत. म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत आरामात जाईल.”

“पण त्याने निवडलं.”

“माझ्यासाठी,” ती म्हणाली. “तेवढंच माझ्या हिशेबात नव्हतं.”

मग तिने मेजाचा खण उघडून पुठ्ठ्याची एक चंद्रकोर माझ्यापुढे ठेवली. पुठ्ठ्यावर छापील रेघ नव्हतीच. व्हर्लिनने ती सबंध कापून टाकली होती, चांगलं अर्धं बोट आतून.

“मी दारात उभी होते,” ती म्हणाली. “तू कॉफी आणायला गेला होतास. कात्री रेघेच्या आतून चालली होती, आणि तो पुटपुटत होता, हजारावा भाग, हजारावा भाग. एक शब्द बोलले असते तर थांबला असता.”

“नाही बोललीस.”

“नाही बोलले. त्रेपन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदा त्याची चूक दाखवली नाही.” तिने चंद्रकोर परत खणात ठेवली, चमच्यांच्या खाली. “चल.”

आम्ही गॅरेजमध्ये आलो. मागची चाकं नसलेली ती गाडी शेपूट वर करून उभी होती. व्हर्लिन खुर्चीतच होता.

“लवॉन, चाक नाही बसलं. बुधवारी दुसऱ्या रिम…” बुधवारी तो चालकच नसणार होता.

“ब्रेक बसले ना?” लवॉन म्हणाली. “अट ब्रेकची होती. चाकांबद्दल मी काही बोलले नव्हते. एमेट, स्टूल आण.”

मी स्टूल आणलं. ती त्यावर चढून, खुबा सांभाळत, त्या पुसून पुसून चकचकीत झालेल्या सीटवर बसली आणि पर्स मांडीवर घेतली. व्हर्लिन खुर्चीतून उठला. मग दाराला धरत धरत दुसऱ्या बाजूने गेला आणि आत बसला. इंजिन सुरू झालं. माझ्या घरात बश्या वाजल्या असणार. त्याने गिअर टाकला आणि मागच्या उघड्या डिस्क हवेत फिरायला लागल्या, लखलखत, कशालाच न टेकता.

“चर्चवरून घेऊ की नदीवरून?” त्याने विचारलं.

“नदीवरून. पूल येऊ दे.”

त्याने थोडा वेळ समोर बघितलं. समोर बागेतली अवजारं टांगलेली भिंत होती. मग तो अगदी हळू म्हणाला, “लवॉन, वेग किती झाला? काट्याकडे बघ जरा.”

पंचावन्न वर्षांत त्या गाडीत त्याने हे कोणाला विचारलं नव्हतं. तिने वाकून बघितलं. मी खिडकीशी उभा होतो. काटा वीसवर होता.

“चाळीस,” ती म्हणाली. “हळू घे. पुढे शववाहिका आहे.”

त्याने ब्रेक दाबला. डिस्क जागच्या जागी थांबल्या. मी आजवर पाहिलेल्यांत इतका चांगला ब्रेक दुसरा नाही.

“बघितलंस?” व्हर्लिन म्हणाला. “धक्का बसला का?”

“जराही नाही,” ती म्हणाली.

मग दोघं भिंतीकडे बघत बसले. त्याने किल्ली काढून तिच्या पर्सवर ठेवली. तिने ती आत टाकली आणि पर्सची चेन लावली. बाहेर पायरीशी ड्रममधल्या शेवंत्या चांगल्या फुलल्या होत्या. चौदा तारखेच्या मंगळवारच्या आधी अजून रविवार आणि सोमवार होते, पण त्यांचं काय करायचं हे कोणालाच सुचत नव्हतं.

“एमेट,” लवॉन म्हणाली, “ते स्टूल जरा इकडे सरकव. मला बाथरूमला जायचंय.”